पराट्यांचा हायड्रोजन आणि प्लॅटिनमला होणारी विषबाधा

फेब्रुवारीच्या शेवटी गावी गेलो होतो. राळेगाव तालुका, जिल्हा यवतमाळ. बोंडअळीच्या धाकाने दादाने यंदा फरदड, म्हणजे कापसाचं लांबवलेलं पीक, ठेवली नव्हती. पराटी, म्हणजे कापसाची झाडं, उपटून धुऱ्यावर (बांधावर) ढीग लावला होता. दादा म्हणजे माझा चुलतभाऊ, माझ्याहून बारा वर्षांनी मोठा. वावर तोच पाहतो. ढिगाला काडी लावायच्या आधी तो मला म्हणाला, "तू त केमिस्ट्री शिकवतं ना कॉलेजात? पेपरात लिवलं हाय का काडीकचऱ्यातून हायड्रोजन निघते. मंग ह्या पराट्या काहून जाळाच्या? त्याच्यावर आपली मोटर नाही चालत का?"

मी म्हटलं, "चालते. पण ज्या पेटीत हायड्रोजनची वीज होते ना, तिला पराटीच्या गॅसमधून विषबाधा होते."

दादाने काडीपेटी परत खिशात ठेवली. "पेटीले कसं काय विष लागते?"

त्या दुपारी उन्हात उभ्या-उभ्या मला त्याला नीट सांगता आलं नाही. ते उत्तर आता सविस्तर लिहितो आहे.

त्या पेटीला फ्युएल सेल म्हणतात. डिझेल इंजिनात इंधन जळतं, दट्ट्या हलतो, त्यावर जनरेटर फिरतो, मग वीज मिळते. फ्युएल सेलमध्ये काही जळत नाही आणि काही फिरतही नाही. एका बाजूने हायड्रोजन सोडायचा, दुसऱ्या बाजूने साधी हवा. मध्ये प्लॅस्टिकचा पातळ पडदा. तारेतून वीज मिळते, सोबत थोडी उष्णता आणि पाणी. कल्पना जुनी आहे. विल्यम ग्रोव्ह या वकिली करणाऱ्या वेल्श शास्त्रज्ञाने १८३९ साली प्लॅटिनमच्या पट्ट्या वापरून ती करून दाखवली. पडद्याचा सेल मात्र १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीत थॉमस ग्रब आणि लिओनार्ड नीड्राख यांनी घडवला, आणि १९६५ साली अमेरिकेच्या जेमिनी-५ यानातून तो अंतराळात गेला. हा इतिहास मुद्दाम सांगतो. हे यंत्र वाढलं तेच शुद्ध खाऊन: टाकीत निर्भेळ हायड्रोजन, निर्भेळ ऑक्सिजन, आसपास धूळ नाही, धूर नाही, शेणाचा खड्डा नाही. आपल्या वावरात यातलं एकही नसतं.

पेटीच्या आत जे घडतं ते जिनिंगमध्ये कापूस टाकण्यासारखं आहे. रेच्यावर, म्हणजे सरकी वेगळी काढायच्या यंत्रावर, कापूस गेला की रुई एकीकडे पडते, सरकी दुसरीकडे. हायड्रोजनचंही तसंच होतं. त्याच्या रेणूत दोन अणू एकमेकांना घट्ट धरून असतात. ते आधी सुटे होतात, मग प्रत्येक अणूतला इलेक्ट्रॉन वेगळा निघतो आणि मागे प्रोटॉन उरतो. मधला पडदा फक्त प्रोटॉनला वाट देतो. इलेक्ट्रॉनला पलीकडे जायचं तर बाहेरच्या तारेने फेरा मारूनच जावं लागतं, आणि त्या फेऱ्यातच आपली मोटर चालते. पलीकडच्या बाजूला दोघे पुन्हा भेटतात, हवेतल्या ऑक्सिजनला मिळतात आणि पाणी होतं. (रुई आणि सरकी पुन्हा भेटत नाहीत, उपमा तिथे संपते.) एका सेलला कागदावर १.२३ व्होल्ट मिळायला हवेत. चालत्या सेलला ०.६ ते ०.७ मिळतात. म्हणून शेकडो सेल वह्यांच्या गठ्ठ्यासारखे एकावर एक रचतात. त्या गठ्ठ्याला स्टॅक म्हणतात.

यात रेच्याचं काम कोण करतं? प्लॅटिनम. हायड्रोजनचे अणू आपोआप सुटत नाहीत, त्यांना कुठल्यातरी धातूच्या पृष्ठभागावर क्षणभर बसावं लागतं. जो पदार्थ स्वतः न संपता असं काम घडवून आणतो त्याला उत्प्रेरक म्हणतात. आणि काम होतं ते फक्त पृष्ठभागावर. पोटातल्या अणूंचा काही उपयोग नाही. म्हणून प्लॅटिनम बारीक करून घेतात, इतकं की एकेक कण दोन ते पाच नॅनोमीटरचा (मिलिमीटरचा दहा लाखावा भाग म्हणजे एक नॅनोमीटर). एक ग्रॅम प्लॅटिनमचा एकच तुकडा घेतला तर तो मुगाच्या दाण्याएवढा भरेल. तोच ग्रॅम तीन नॅनोमीटरच्या कणांत विभागला तर सगळ्या कणांचा मिळून पृष्ठभाग साधारण ९० चौरस मीटर होतो, म्हणजे जिल्हा परिषद शाळेच्या दोन खोल्यांची फरशी. हे कण काजळीसारख्या कार्बनवर पसरवून पडद्याच्या दोन्ही बाजूंना त्याचा थर देतात.

प्लॅटिनमच का, हा प्रश्न माझे विद्यार्थी दरवर्षी विचारतात. सोन्यावर हायड्रोजन नीट बसतच नाही. टंगस्टनवर बसतो, पण मग उठत नाही. प्लॅटिनम त्याला हवा तेवढा धरतं आणि वेळेवर सोडतं. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ पॉल साबातिए याने हे तत्त्व मांडलं: उत्प्रेरकाची पकड सैल असूनही चालत नाही आणि घट्ट असूनही. पुढची सगळी गोष्ट या पकडीचीच आहे. हायड्रोजनला बेताने धरणारं प्लॅटिनम दुसऱ्या काही रेणूंना मात्र सोडायलाच तयार नसतं.

विषबाधा म्हणजे काय हे यवतमाळ जिल्ह्यात कुणाला वेगळं सांगावं लागत नाही. २०१७ च्या पावसाळ्यात आमच्या जिल्ह्यात फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात भरती झाले. आमच्या आळीतले एक काका त्यात होते, ते वाचले. त्यांच्या खाटेशी बसलो असताना मला पहिल्यांदा लख्ख जाणवलं की जे मी फळ्यावर 'उत्प्रेरकाची विषबाधा' म्हणून शिकवतो, ते माणसाच्या शरीरात अगदी तसंच घडतं. उपमा म्हणून हे सांगत नाही, दोन्हीकडचं रसायनशास्त्र एकच आहे. मोनोक्रोटोफॉससारखी ऑर्गॅनोफॉस्फरस गटातली कीडनाशक औषधं शरीरातल्या एका उत्प्रेरकावर हल्ला करतात. त्याचं नाव अ‍ॅसिटाइलकोलिनएस्टरेज. नसेतून स्नायूला निरोप पोचला की तो निरोप पुसायचं काम हा उत्प्रेरक करतो. औषधाचा रेणू नेमका त्याच्या काम करायच्या जागेवर जाऊन बसतो आणि उठत नाही. मग निरोप पुसला जात नाही: लाळ, घाम, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या, शेवटी श्वास अडकतो. पाम नावाचं जे इंजेक्शन देतात ते त्या चिकटलेल्या रेणूला उत्प्रेरकावरून ओढून काढण्यासाठी असतं. पण वेळ गेली की ती गाठ अशी पक्की होते की पामलाही सुटत नाही. शरीराला नवा उत्प्रेरकच तयार करावा लागतो.

फ्युएल सेलच्या विषांतही हेच दोन प्रकार आहेत. एक सोडवता येणारं, दुसरं जवळजवळ न सुटणारं.

पहिलं कार्बन मोनॉक्साइड. पूर्वी विहिरीचं पाणी खाली गेलं की डिझेल इंजिन विहिरीत मचाणावर उतरवायचे आणि धूर आत साठायचा. बिघाड पाहायला उतरलेला माणूस वर यायचा नाही. अशा गोष्टी आमच्याकडच्या प्रत्येक गावात एक-दोन तरी ऐकायला मिळतात. त्यात मारणारा वायू हाच. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनमधलं लोह ऑक्सिजनला धरतं, पण कार्बन मोनॉक्साइडला दोनशे पटींहून अधिक ओढीने धरतं. प्लॅटिनमचंही तसंच. या रेणूची कार्बनची बाजू धातूला आपले इलेक्ट्रॉन देते आणि धातू आपले काही इलेक्ट्रॉन त्याला परत देतो. असा दोन्हीकडून घातलेला फास सहज सुटत नाही. सेल साधारण ८० अंशांवर चालतो. त्या तापमानाला हायड्रोजनच्या दहा लाख रेणूंमागे कार्बन मोनॉक्साइडचे दहा रेणू असले तरी वीज डोळ्यांत भरण्याइतकी घटते. दहा लाखांत दहा! कारण ते येतात आणि बसूनच राहतात. सीसीआयच्या, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाच्या, खरेदी केंद्रावर कापसाच्या गाड्यांची रांग आहे आणि एका बंडीचा आस नेमका काट्यावर मोडला, तर मागच्या शंभर गाड्या चांगल्या असून काय उपयोग?

दुसरं विष गंधक. चांदीच्या तोरड्या, जोडवी काळी का पडतात? हवेतला हायड्रोजन सल्फाइड चांदीला चिकटतो म्हणून. धातूंची आणि गंधकाची ही ओढ प्लॅटिनमलाही आहे, आणि एकदा बसलेलं गंधक साध्या उपायांनी निघत नाही. गोबर गॅसला जो कुजक्या अंड्याचा वास येतो तो याच वायूचा. गोबर गॅसची शेगडी गंजते तीही त्यानेच.

आता आकडे समोरासमोर ठेवतो. गाड्यांच्या फ्युएल सेलसाठी हायड्रोजन किती शुद्ध हवा याचं आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ १४६८७. त्यात कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा दहा लाखांत ०.२, म्हणजे पन्नास लाख रेणूंत एक. गंधकाची मर्यादा शंभर कोटींत चार. आणि आपल्या पराट्या गॅसिफायरमध्ये, म्हणजे अपुऱ्या हवेत जाळल्या, तर जो गॅस निघतो त्यात हायड्रोजन असतो १५ ते २० टक्के, कार्बन मोनॉक्साइडही जवळजवळ तेवढाच, आणि निम्म्याच्या आसपास नायट्रोजन. पन्नास लाखांत एक कुठे आणि पाचात एक कुठे! दादाच्या प्रश्नाची खरी अडचण ही आहे. पराटीत हायड्रोजन आहेच, पण तो विषाच्या मांडीला मांडी लावून बाहेर पडतो.

मग गॅस धुऊन घ्यावा. तसं करतातच. आधी वाफ मिसळून गरम लोखंडी आणि मग तांब्याच्या उत्प्रेरकावरून नेतात. तिथे कार्बन मोनॉक्साइड वाफेतला ऑक्सिजन घेतो, कार्बन डायऑक्साइड होतो, आणि वर आणखी हायड्रोजन मिळतो. एवढं करूनही अर्धा-एक टक्का उरतोच. तो मोजून हवा सोडून जाळावा लागतो, नाहीतर दाबाखाली चाळणीसारख्या पदार्थांतून गाळावा लागतो. गोबर गॅसमधलं गंधक गंजलेल्या लोखंडाच्या किसातून नेलं की बरंचसं अडकतं. हा उपाय स्वस्त आणि गावात करता येण्याजोगा आहे. पण शेवटचं गाळणं महाग. रिफायनरीत दिवसाला शेकडो टन हायड्रोजन होतो, तिथे हा खर्च पसरून जातो. एका गावाच्या पराट्यांवर चालणाऱ्या लहान संयंत्रात शुद्धीकरणाचं यंत्रच फ्युएल सेलएवढं होऊन बसतं. म्हणून मला वाटतं की विष पचवणारा उत्प्रेरक शोधण्याची गरज शुद्ध हायड्रोजन विकत घेऊ शकणाऱ्या शहरांपेक्षा आपल्याला जास्त आहे.

तो शोधायचे तीन रस्ते मला महत्त्वाचे वाटतात.

पहिला, प्लॅटिनमच्या शेजारी दुसरा धातू बसवायचा. रुथेनियम हा इथला जुना आणि खात्रीचा गडी. १९७५ साली वातानाबे आणि मोतू या जपानी शास्त्रज्ञांनी त्याचं काम उलगडून दाखवलं. प्लॅटिनमवर बसलेल्या कार्बन मोनॉक्साइडला हटवायचं तर त्याला एक ऑक्सिजन द्यावा लागतो. मग तो कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातो. हा ऑक्सिजन पाण्यातून घ्यायचा. प्लॅटिनमला पाणी फोडायला बराच व्होल्टेज लागतो. रुथेनियम ते काम ०.२ ते ०.३ व्होल्ट आधीच करतो आणि शेजाऱ्याला ऑक्सिजन पुरवतो. शिवाय त्याच्या सहवासाने प्लॅटिनमची कार्बन मोनॉक्साइडवरची पकडही थोडी सैल होते. पाम इंजेक्शन रेणूला ओढून काढतं, तसं इथे काढणारा कायमचा शेजारी बसवला आहे. जोडीला हायड्रोजनमध्ये किंचित हवा सोडली तर दहा लाखांत शंभरपर्यंत कार्बन मोनॉक्साइड निभावून नेता येतो. पण रुथेनियम प्लॅटिनमइतका चिवट नाही. तो हळूहळू विरघळतो, पडदा ओलांडतो आणि हवेच्या बाजूच्या प्लॅटिनमवर जाऊन बसतो, आणि तिथलं काम मंदावतं. हवा सोडण्यातही धोका आहे: त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं आणि ते पडदा पोखरतं.

दुसरा रस्ता तापमानाचा, आणि मला तो आपल्यासाठी सगळ्यांत जवळचा वाटतो. कार्बन मोनॉक्साइडची पकड उष्णतेने सुटते. ८० अंशांवर जो घट्ट बसतो तो १६० अंशांवर सारखा उठबस करू लागतो आणि हायड्रोजनला जागा मिळते. अडचण अशी की नेहमीचा पडदा पाण्यावर जगतो. १०० अंशांच्या वर तो सुकतो आणि प्रोटॉनची वाट बंद होते. म्हणून पॉलिबेन्झिमिडाझोल नावाच्या प्लॅस्टिकचा पडदा फॉस्फोरिक आम्लात भिजवून वापरतात. असा सेल १६० ते १८० अंशांवर चालतो आणि गॅसमध्ये एक-दोन टक्के कार्बन मोनॉक्साइड असला तरी सोसतो. टक्के, दहा लाखांत दहा नव्हे. म्हणजे पराटीचा गॅस वाफेच्या पायरीतून नेला की शेवटचं महागडं गाळणं बरंचसं वाचतं. गंधक मात्र आधी काढावंच लागतं. आणि या सेलची स्वतःची दुखणी आहेत: फॉस्फोरिक आम्लाचे रेणूच प्लॅटिनमची काही जागा अडवतात, आम्ल हळूहळू झिरपून जातं, आणि सुरू करण्याआधी सगळा स्टॅक तापवावा लागतो. बटण दाबताच चालणारं हे यंत्र नाही. पण सकाळी सुरू करून संध्याकाळी बंद करायच्या दाल मिलला किंवा शीतगृहाला याचं काय अडतं?

तिसऱ्या रस्त्यावर, म्हणजे बारीक छिद्रांचा थर चढवून हायड्रोजनला आत घ्यायचं आणि मोठ्या रेणूंना बाहेर ठेवायचं यावर, प्रयोगशाळांत काम चालू आहे. वावरापर्यंत यायला त्याला वेळ आहे.

हे सगळं हायड्रोजनच्या बाजूचं झालं. पलीकडे हवाही आत जाते, आणि हवेचं विष लोक विसरतात. चंद्रपूरचं २९२० मेगावॅटचं औष्णिक केंद्र, कोराडी, खापरखेडा, मौदा, तिरोडा: राज्याची बरीच वीज विदर्भात कोळशावर होते, आणि कोळशाच्या धुरात सल्फर डायऑक्साइड असतो. तो हवेच्या बाजूच्या प्लॅटिनमवर बसतो. काढायचा तर व्होल्टेज वर नेऊन त्याचं सल्फेट करावं लागतं आणि मग पाण्याने धुवावं लागतं. तरी सगळं परत येत नाही. नायट्रोजनच्या ऑक्साइडचं तसं नाही, स्वच्छ हवा मिळाली की सेल बहुतेक पूर्वपदावर येतो. गोठ्याशेजारी सेल ठेवायचा विचार असेल तर अमोनियाचंही पाहा. तो प्लॅटिनमपेक्षा पडद्यात शिरतो आणि प्रोटॉनच्या जागा अडवतो. खतांच्या पोत्यांची खोली आणि फ्युएल सेल यांच्यात अंतर हवं.

विष टाळलं तरी उत्प्रेरक म्हातारा होतोच. व्होल्टेज वर-खाली झाला की प्लॅटिनमच्या कणावर ऑक्साइडचा थर येतो आणि जातो, आणि प्रत्येक वेळी काही अणू विरघळून निघतात. लहान कण विरघळतात आणि त्यांचे अणू मोठ्या कणांवर जाऊन बसतात. काही कण रश्शावरच्या तेलाच्या थेंबांसारखे सरकून एकमेकांत मिसळतात. दोन खोल्यांची फरशी आक्रसत एका खोलीची होते. प्लॅटिनम तेवढंच, काम निम्मं.

त्याहून वाईट गोष्ट बंद-चालू करण्यात आहे. सेल बंद असताना हायड्रोजनच्या बाजूला हवा शिरते. पुन्हा सुरू करताना हायड्रोजन आत येतो तेव्हा थोडा वेळ अर्ध्या भागात हायड्रोजन आणि अर्ध्या भागात हवा अशी स्थिती होते, आणि पलीकडच्या बाजूचा व्होल्टेज दीडच्या आसपास उसळतो. एवढ्या व्होल्टेजला ज्या कार्बनवर प्लॅटिनम बसलं आहे तो कार्बनच झिजून कार्बन डायऑक्साइड होतो. पावसात धुरा वाहून गेला की त्यावरची बाभूळ कितीही सरळ असो, कोसळतेच. शहरातल्या गाडीपेक्षा आपला वापर इथे जास्त कठोर आहे: लोडशेडिंगला चालू, वीज आली की बंद, दिवसातून तीनदा.

तासांचा हिशोब करून पाहा. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने मोटारींसाठी फ्युएल सेलने ५,००० तास टिकावं असं उद्दिष्ट बरीच वर्षं ठेवलं होतं. मोटारीला ते पुष्कळ झालं. आपली मोटर रोज आठ तास चालली तर ५,००० तास ६२५ दिवसांत संपतात, दोन वर्षंही नाही. अवजड ट्रकांसाठी त्याच खात्याचं २०३० चं उद्दिष्ट २५,००० तासांचं आहे. ते आठ तासांच्या हिशोबाने साडेआठ वर्षं भरतात. शेतीला ट्रकवाला उत्प्रेरक लागेल. गाडीवाल्याने आपलं भागणार नाही.

टिकाऊपणासाठी जे सुचलं त्यातलं मला सगळ्यांत सुंदर वाटतं ते अणूंच्या रांगांचं. प्लॅटिनममध्ये कोबाल्ट किंवा निकेल मिसळलं की ऑक्सिजनच्या बाजूचं काम वेगाने होतं, कारण लहान अणूंमुळे प्लॅटिनमचे अणू थोडे दाटीने बसतात आणि ऑक्सिजनवरची त्यांची पकड बेताची होते. २०१४ साली बाजारात आलेल्या टोयोटाच्या मिराई गाडीत प्लॅटिनम-कोबाल्टच आहे. पण कोबाल्ट आम्लात विरघळून निसटतो. मग तोच मिश्रधातू योग्य तापमानाला भाजला तर विस्कटलेले अणू रांगेत येतात, एक थर प्लॅटिनमचा, एक कोबाल्टचा, आलटून पालटून. फेकून पेरलेली पराटी आणि चौफुलीवर, म्हणजे उभ्या-आडव्या सरळ ओळींत, लावलेली पराटी यांतला जो फरक, तोच इथे. कोबाल्टच्या प्रत्येक थराला वरून-खालून प्लॅटिनमने धरलेलं असतं, म्हणून तो सहज निघत नाही. भाजताना कण एकमेकांना चिकटून मोठे होऊ नयेत ही खरी कसरत. असा उत्प्रेरक खरंच टिकतो का, हे पाहायला त्याला ०.६ ते ०.९५ व्होल्टच्या दरम्यान ३०,००० वेळा खाली-वर करतात आणि मग किती जीव उरला ते मोजतात.

आणि प्लॅटिनम नकोच म्हटलं तर? जगातल्या खाणींतलं साधारण ७० टक्के प्लॅटिनम एकट्या दक्षिण आफ्रिकेतून येतं, तेव्हा हा विचार साहजिक आहे. लोहाचा एकेक अणू चार नायट्रोजनच्या मध्ये बसवून तो कार्बनमध्ये गुंफायचा, हा त्यातला सगळ्यांत पुढे गेलेला प्रयत्न. ही मांडणी हिमोग्लोबिनमधल्या लोहाशी मिळतीजुळती आहे. हवेच्या बाजूला ती चांगलं काम करते, फॉस्फेटसारखे प्लॅटिनमला छळणारे रेणू तिला फारसे छळत नाहीत. पण आम्लात तिचं लोह सुटतं, आणि सुटलेलं लोह पेरॉक्साइडशी मिळून पडदा आणि कार्बन दोन्ही जाळतं. काही तास ती उत्तम चालते. हजारो तासांचं उत्तर अजून मिळायचं आहे. हे कोडं सुटलं तर फ्युएल सेल आपल्या आवाक्यात येईल, आणि मला मनापासून वाटतं की ते आपल्याकडच्या एखाद्या प्रयोगशाळेत सुटावं. पुण्यात सीएसआयआर ही सरकारी संशोधन संस्था आणि केपीआयटी ही कंपनी यांनी घडवलेल्या फ्युएल सेलवर चालणारी बस ऑगस्ट २०२२ मध्ये रस्त्यावर आणली गेली, म्हणजे हात तर बसलेला आहे.

दादाला एक गोष्ट मी तिथल्या तिथे सांगितली होती. दिवसा पाणी ओढायला हायड्रोजन नको, सोलर पंपच बरा. सोलरच्या विजेने पाणी फोडून एक किलो हायड्रोजन करायला ५० ते ५५ युनिट जातात आणि फ्युएल सेलमधून त्याचे १६ ते २० युनिटच परत मिळतात. असा हायड्रोजन शुद्ध असतो, त्यात कार्बन मोनॉक्साइडचा प्रश्न नाही. पण तीन युनिट देऊन एक घ्यायचं ते ऊन नसतानाच्या गरजेसाठी. रात्री आरोग्य उपकेंद्राचा लसींचा फ्रिज, दुधाचं शीतकरण, पावसाळ्यातले ढगाळ आठ-दहा दिवस. पाच एचपीची मोटर आठ तास म्हणजे साधारण ३० युनिट, म्हणजे रोज दीड-पावणेदोन किलो हायड्रोजन. एवढा हायड्रोजन कचऱ्यातून स्वस्तात निघाला, तरच मोटरीचा विचार.

मागच्या आठवड्यात दादाचा फोन आला. त्याच्या शेतकरी गटाकडे कुणीतरी बायोमास-हायड्रोजन संयंत्राचं माहितीपत्रक देऊन गेलं होतं; त्यात काय विचारायचं, एवढंच त्याला हवं होतं. मी सांगितलं ते इथेही लिहितो. सेलला लागणाऱ्या गॅसमध्ये कार्बन मोनॉक्साइड किती चालेल आणि गंधक किती, हे आकड्यांत लिहून घे. 'शुद्ध हायड्रोजन' एवढ्या शब्दावर थांबू नको. किती तास टिकेल यासोबत किती वेळा बंद-चालू सोसेल हेही विचार. हवेचा फिल्टर नुसता धुळीचा आहे की सल्फर डायऑक्साइडही अडवतो, आणि तो दर किती महिन्यांनी बदलायचा, किती रुपयांना. गॅस शुद्ध करायचं यंत्र बंद पडलं तर सेल आपोआप थांबतो की तसाच विष पीत राहतो.

दादाने सगळं वहीत लिहिलं. मग म्हणाला, "अन् सेल मेल्यावर त्याच्यातलं प्लॅटिनम कोनाचं?"

हे मला सुचलं नव्हतं. प्लॅटिनम विषाने निकामी होतं, नाहीसं होत नाही. सोनाराच्या दुकानातली झाडलेली माती झारेकरी विकत घेतो आणि धुऊन सोनं काढतो. तसंच जुना स्टॅक आम्लात विरघळवून त्यातलं बहुतेक प्लॅटिनम परत काढता येतं, आणि ते पुन्हा नव्या सेलमध्ये वापरता येतं. म्हणजे मेलेल्या सेललाही किंमत आहे. मी दादाला म्हटलं, करारात लिहून घे की जुना स्टॅक गटाच्या मालकीचा राहील, आणि परत घ्यायचा असेल तर त्या दिवशीच्या प्लॅटिनमच्या भावाने वजन करून घ्यावा लागेल. त्याने तेही लिहिलं, आणि त्याखाली दोन रेघा मारल्या.